बाथरूममधला कॅप्टन

४ नोव्हेंबर, मंगळवार

चिरंजीव कॅप्टनसाहेब यांना,

आशीर्वाद पाठवतेय, जपून वापर. दोन वर्षांत तू न्यायला आला नाहीस म्हणून साठून राहिलेले आहेत.

अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. वरच्या मजल्यावरची डावरी लिहितेय, नेहमीसारखी डाव्या हाताने, उजवा हात शालीत गुंडाळून. तिला बजावलंय, मी बोलेन ते तसंच उतरव, मध्येच शहाणपणा करून माझं बोलणं नीटनेटकं करू नकोस. ती म्हणते, "शिव्यासुद्धा?" म्हटलं, शिव्या आधी.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. नव्या घराच्या पहिल्या जेवणाला तुझ्या साहेबलोकांसमोर मी तुला ड्रायव्हर म्हटलं, ते तुझ्या इतकं जिव्हारी लागलं की दोन वर्षं तुझी दातखीळ बसली. बरं. पत्राचं एक चांगलं असतं, फेकून द्यायचं तरी हातात घ्यावं लागतं.

तर तू आजारी आहेस. मला काल कळलं.

काल सकाळी अकराला दार वाजलं. बाहेर एक हडकुळा माणूस, हातात बॅग, तीन जिने चढून धापा टाकत होता. म्हणाला, "मी कंपनीचा डॉक्टर. कॅप्टन इथेच राहतात ना? त्यांना जुलाब होतायत असं त्यांनी कळवलंय." पत्ता त्याने वाचून दाखवला. माझाच. तुला वाटलं असेल, इतक्या लांब, दुसऱ्या गावात, म्हाताऱ्या आजीच्या घरी कोण मरायला जातंय तपासायला. आला ना पण.

माझी जीभ बघ कशी. डोकं जागं व्हायच्या आत बोलून गेली, "हो, आहे ना. आत आहे." आणि बोट बाथरूमकडे.

डॉक्टर बाथरूमसमोर खुर्ची ओढून बसला. मी आत जाऊन नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून विचारलं, "बरं वाटतंय का रे?" आतून काही आलं नाही. कुठून येणार? मग मीच सांगितलं, "बोलायची ताकद नाही उरली त्याच्यात." डॉक्टरने चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली. दारातल्या चपलांकडे बघितलं. तिथे माझा एकच जोड. म्हणाला, "कॅप्टन अनवाणीच आले वाटतं." म्हटलं, "घाईत होता हो."

पाऊणएक तासाने टाकी संपली. नळ गुरगुरला आणि गप्प झाला. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन ओरडायला लागली, पाणी कोणी संपवलं म्हणून. घरात अशी शांतता की बिस्किट मोडल्याचा आवाज आला.

डॉक्टर म्हणाला, "आजी, हे माझं सातवं बाथरूम आहे."

मग त्याने कागद काढला. एकशे अठरा वैमानिक, एकाच दिवशी आजारी, सगळ्यांची पोटं. डावरी तोवर खाली आली होती, तिने वाचून दाखवलं. शब्द न् शब्द सारखा. "काल सायंकाळपासून पोटात मुरडा येत असल्याने मी कर्तव्यावर हजर राहण्यास असमर्थ आहे." कोणीतरी शहाण्याने एक मजकूर करून तुम्हा सगळ्यांना पाठवला आणि तुम्ही तो तसाच पुढे ढकलला. त्यातल्या एकतीस जणांनी शेवटची ओळसुद्धा खोडली नाही. "येथे आपले नाव व क्रमांक लिहावा." एकतीस माणसं. शेकडो लोकांना आकाशात नेतात आणि सही कुठे करायची ते कळत नाही. तुझं नाव होतं बाबा, तेवढी तरी माझी लाज राखलीस.

डॉक्टर सांगत होता, तुमच्या संघटनेचं ठरत नाहीये, संप करावा की करू नये. तोवर सगळ्यांनी मिळून आजारी पडून बघायचं. जमलं तर संप, नाही जमलं तर पोट बिघडलं होतं.

आम्ही लॉन्ड्रीतल्या बायका संपावर गेलो तेव्हा फाटकासमोर उभ्या राहिलो होतो, स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या तोंडाने. बाथरूममध्ये नाही.

डॉक्टरने शेवटी लिहिलं, "रुग्णाची भेट होऊ शकली नाही." बरा माणूस आहे. जाताना तुझ्या तब्येतीला जपायला सांगून गेला, हसलाही नाही.

खाली माझा अंगठा. शाई डावरीने जास्त लावली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कॅप्टनसाहेब,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं. आजीला टाइप केलेलं पत्र पाठवणारा माझ्या ओळखीत तू पहिलाच. डावरी म्हणते, निदान वाचायला सोपं आहे.

तू म्हणतोस मला काही कळत नाही, संप म्हणजे चादरी धुणं नाही, म्हणून दोन रकाने करून पाठवलेस. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. फायदे सात, तोटे एकोणीस. इतका तर लग्न ठरवतानाही कोणी विचार करत नाही. तू तर नाहीच केलास, ती बिचारी अजून भोगतेय.

तोटे ऐकले. संप बेकायदा ठरेल, नोकरी जाईल, कोर्ट होईल, शेजारी काय म्हणतील. हो, तेही लिहिलंयस, चौदावं. पण त्या एकोणीसमध्ये खरा एकच आहे आणि तो तू तीन वेगवेगळ्या ठिकाणी लपवलायस: तुझा नंबर. डावरीने मला दोनदा समजावलं. कंपनीत कोण आधी लागला त्याप्रमाणे यादी असते, त्यावर कोणतं विमान, कोणता मार्ग, कधी रजा, सगळं ठरतं. तू एकसष्टावा. मार्चपर्यंत सहा म्हातारे निवृत्त होणार, की तू पंचावन्नावा, आणि मोठं विमान. आणि काढून टाकलं तर दुसऱ्या कंपनीत अगदी शेवटून सुरुवात, परत उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत, तुझ्याहून लहान माणसाच्या हाताखाली.

म्हणजे एकशे अठरा माणसं रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाचं लक्ष पुढचा कधी घरी जातो याकडे. अशी माणसं संप करणार. मला हसू येतं आणि दात नाहीत म्हणून ते फार वाईट दिसतं.

फायद्यांमध्ये मुख्य काय, तर विश्रांती. पूर्वी दोन ड्युट्यांमध्ये बारा तास मिळायचे, कंपनीने नऊ केले. त्या नवात घरी जाणं, आंघोळ, जेवण, परत गणवेश चढवून विमानतळावर येणं. झोपेला उरतात साडेचार. हे मला तुझ्या रकान्याशिवाय कळलं असतं. आम्हालाही दोन पाळ्या लागोपाठ लावायचे.

मग सातवी ओळ. डावरीने वाचली आणि पुढे गेली. मी म्हटलं, मागे ये. "१९ ऑगस्टसारखे प्रसंग टळतील." एवढंच. बाकी सहा फायदे तू चार-चार ओळी खेचलेस आणि हा असा, दाराआड उभं राहून बोलल्यासारखा.

आणि अगदी शेवटी, सहीच्या खाली, पेनाने लिहिलेलं: "आजी, लॉन्ड्रीत रोलरवर काम करताना तुझा कधी डोळा लागला होता का?"

१९ ऑगस्टला काय झालं रे?

उत्तर टाइप करू नकोस. अंगठा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाळा,

काल तू फोन केलास. दोन वर्षांनी, चार मिनिटं. डावरी समोर बसून वाटाणे सोलत होती, तिने तुझा आवाज ऐकला नाही, फक्त माझं तोंड बघितलं. आज तिला बोलावलंय, कारण काल मी तुला फोनवर एक खोटं सांगितलं. ते दुरुस्त करायचं तर पत्रच हवं, आणि ते तिनेच लिहायला हवं. का, ते पुढे कळेल. तिलाही.

आधी तुझं. तू म्हणालास, सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन, विमान आपोआप चाललेलं. शेजारचा सहवैमानिक आधी झोपला, मग तू. तुम्हाला दोघांनाही कळलं नाही. खालून रेडिओवर तीनदा हाक मारली, चौथ्यांदा तू जागा झालास. मधे चौदा मिनिटं गेली होती. मागे एकशे बासष्ट माणसं चहा पीत होती. तू म्हणालास, संघटनेत निम्म्यांचं असं झालंय, सगळे एकमेकांना कानात सांगतात. पण लिहून कोणी देत नाही, कारण लिहून दिलं की लायसन्स तपासणीला जातं, माणूस जमिनीवर बसतो आणि नंबर जातो. आणि लिहून दिल्याशिवाय कंपनी टीव्हीवर सांगतेय, हे गुबगुबीत लोक आणखी आराम मागतायत. म्हणून तुमची पोटं बिघडली. खरं कारण एका ओळीचं, आणि ते लिहायला एकशे अठरांत एक मनगट नाही.

मग विचारलंस, "तुझा लागला होता का डोळा?" आणि मी म्हटलं, "छे, आमच्या वेळी माणसं जागी असायची." तू फोन ठेवलास.

आता ऐक. लॉन्ड्रीचा संप अकरा दिवस चालला, हे तुला मी शंभरदा सांगितलंय. मी पुढे होते, घोषणा द्यायचे, आम्ही जिंकलो. पहिले तीन दिवस खरे आहेत. चौथ्या दिवशी मी मागच्या दाराने आत गेले, मळक्या चादरींच्या गाडीत, चादरींखाली झोपून. कोणी आजारी नव्हतं घरात. चूल पेटत होती. मी घाबरले, बस. मुकादम म्हणाला होता, आत येतील त्यांचा नंबर वर जाईल. हो, आमचीही यादी होती. मी आठवी होते.

आत सहाजणी. चाळीस जणींचं काम. सकाळची पाळी, लगेच दुपारची. चादर ओली यायची, दोघींनी दोन कोपरे धरून तापलेल्या रोलरमध्ये द्यायची. मशीन थांबवायची दांडी एकीच्याच गुडघ्यापाशी असायची, अनुभवी असेल तिच्या. ती माझ्या. शेजारी बावीस वर्षांची एक नवी आणून उभी केली, चार दिवसांपूर्वी लागलेली. संप म्हणजे काय तेही तिला धड माहीत नव्हतं.

आत गेल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी मला उभ्या उभ्या झोप लागली. हातात चादर, डोळे मिटलेले. चादर वाकडी गेली, ती सरळ करायला तिने हात पुढे नेला. ती ओरडली. मला ते स्वप्नात कोणी ओरडल्यासारखं लांबून ऐकू आलं. गुडघ्याने दांडी ढकलायला किती वेळ लागला माहीत नाही. तुझ्याकडे चौदा मिनिटांचा हिशेब तरी आहे.

मुकादमाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "नवी आहे. लक्ष नव्हतं तिचं." त्याने ते लिहून घेतलं. मी खाली अंगठा उठवला.

ही डावरी. जन्मापासून डावरी नाही ती. तू लहानपणी विचारायचास, मावशीचा एक हात नेहमी शालीत का. मी म्हणायचे, तिला थंडी वाजते.

त्या हातामुळे बाहेरच्या बायका भडकल्या, वर्तमानपत्रात आलं, कंपनी नमली. आम्ही अशा जिंकलो. तीन संपवाल्यांना मात्र परत घेतलं नाही, म्हणून मी आठवीची पाचवी झाले, मग मुकादमीण झाले, आणि त्या पगारावर तू शिकलास, विमान चालवायलासुद्धा. आणि ती चव्वेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलीय, "माझंच लक्ष नव्हतं, नवऱ्याचा विचार करत होते." लोक तिची चेष्टा करतात. मीही करत आले. माझी चेष्टा सगळ्यांत चांगली असायची.

तिने पेन खाली ठेवलंय.

आता परत उचललं. म्हणते, "हळू सांग. मला काही गाळायचं नाही."

सांगण्यासारखं एवढंच उरलंय. तू संप कर नाहीतर करू नकोस. तुमच्या लोकांबद्दल माझं मत काही बदलणार नाही. पण तुझ्या शेजारच्या खुर्चीतही कोणी बसतं आणि मागे चहा पिणारे असतात. पुढच्या वेळी खालून पाचवी हाक मारावी लागली तर एखादा मुकादम विचारायला येईल आणि तू काय सांगशील मला माहीत आहे, कारण तू माझ्या हातचं खाऊन वाढलास. एकोणीस तोट्यांचा रकाना मीही करत होते, फक्त मला लिहिता येत नव्हतं.

शाईची डबी ती पुढे करत नाहीये. मीच ओढून घेतली. अंगठा.

३० नोव्हेंबर, रविवार

कॅप्टन,

हे किड्यामुंग्यांसारखं अक्षर बघून घाबरू नकोस, डॉक्टर लिहितोय. तो परत आला. मी दार उघडल्याबरोबर सांगून टाकलं, बाथरूममध्ये कोणी नाही, त्या दिवशीही नव्हतं. म्हणाला, "माहीत आहे, मी आज तुमच्यासाठी आलोय." मग बसवलाच लिहायला.

डावरी तेरा दिवस खाली आलेली नाही. पत्र पुरं झालं तेव्हा घडी घालून पेनासकट वर घेऊन गेली. मी जिने चढत-उतरत नाही हे तुला ठाऊक आहे. पत्र पेटीत पडलं की चुलीत, मला कळायला मार्ग नव्हता. वर तिची पावलं ऐकू यायची. स्वयंपाकघर, खिडकी, पलंग. इतकी वर्षं मला ती पावलं कधी ऐकू आली नव्हती.

डॉक्टरने सगळं सांगितलं. सव्वीस तारखेच्या बैठकीत तू उभा राहिलास, १९ ऑगस्ट, उड्डाणाचा नंबर, चौदा मिनिटं, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाचलंस, सही केलीस. कंपनीने त्याच संध्याकाळी तुला जमिनीवर बसवलं, लायसन्स तपासणीला. तुझा एकसष्टावा नंबर गेला असं समज. तुझा सहवैमानिक बाहेर येऊन रडला, म्हणे. रडू दे, तो आधी झोपला होता.

आणि दुसऱ्या दिवशी संघटनेत सेहेचाळीस जणांनी लिहून दिलं. डॉक्टर म्हणतो, त्याने सगळे कागद वाचले, एकाचाही मजकूर दुसऱ्यासारखा नाही, आणि नाव लिहायला कोणी विसरलं नाही. मतदान झालं, सोमवारपासून संप. नोटीस देऊन, कारण लिहून. बाकी एकाहत्तर अजून रकाने आखतायत. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि तो कसा सांगायचा ते तुला कळेल.

मला यातून कळलं ते वेगळंच. तू लिहून दिलंस म्हणजे पत्र तुला पोचलं. म्हणजे तिने ते टाकलं.

थांब, दार वाजतंय.

आता अक्षर बदललेलं दिसेल. ती आलीय. आत येऊन तिने डॉक्टरच्या हातातून कागद घेतला, वाचायचा प्रयत्न केला, म्हणाली, "हे कोणाला वाचता येणार आहे?" आणि त्याला उठवून खुर्चीत बसली. शाल आणलेली नाही. उजवा हात टेबलावर कागद दाबून ठेवतोय. डॉक्टर त्या हाताकडे बघत होता, मग नळाकडे बघायला लागला.

मी म्हटलं, काहीतरी बोल. ती म्हणाली, "मी इथे लिहायला आलेय. पुढे सांग."

पुढे काय सांगू? तुला सुट्टी आहे, तर ये. चपला घालून ये. तुला मी ड्रायव्हर म्हणणार आहे आणि तू ऐकून घेणार आहेस.

मी शाईची डबी उघडली, तर तिने झाकण लावलं. म्हणाली, मुकादमाने लिहून घेतलेला तो कागद तेव्हा तिच्या हातात दिला होता, अजून तिच्या पेटीत आहे. हात बरा झाल्यावर ती रात्रशाळेत लिहा-वाचायला शिकली, आणि शिकल्यावर सगळ्यांत आधी तोच वाचला. खाली माझा अंगठा होता, म्हणून चव्वेचाळीस वर्षं तिने तो खरा धरला.

"अंगठा नको," म्हणते.

तेव्हा या पत्राखाली काही नाही. माझंच आहे असं समज.